एकाच गालावरचा लेप

गुरू तबरानींचे दात मोडले ते नेमके हाफिझा वारल्याच्या चाळिसाव्या दिवशी, तिच्याच घरात. दातही तिच्याच नवऱ्यानं केलेले, आणि मोडले कशावर, तर केळ्याच्या भज्यावर.

चार दात होते, वरचे, पुढचे, गुलाबी पट्टीवर बसवलेले. पठणाआधी चहा फिरत होता. गुरूंनी भजं दातांत धरलं आणि टक् असा आवाज झाला. भजं शाबूत राहिलं. गुरूंनी पट्टीचे दोन तुकडे रुमालात काढून घेतले, तोंड पुसलं आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं पठण सुरू केलं. माणूस मोठ्या मनाचा, पण मोठ्या मनानं उच्चार सुधारत नाहीत.

हाफिझा या नावात एक अक्षर असं आहे की जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला टेकलं तरच ते नीट निघतं. कुराण शिकवणाऱ्या गुरूंनी सगळी हयात मोहल्ल्यातल्या पोरांकडून ते अक्षर घोटून घेण्यात घालवलेली. हाफिझालाही लहानपणी त्यांनीच शिकवलं होतं, तिच्याच नावावरून. आणि आता गेलेल्यांसाठीच्या दुआत तिचं नाव, बापाच्या नावासकट, घ्यायची वेळ आली तेव्हा गुरूंच्या तोंडातून नुसती हवा निघाली.

"हाफिहा बिंती मुईन."

मागच्या रांगेतली दोन पोरं फिसकन हसली. त्यांच्या आयांनी त्यांना चिमटे काढले.

अस्मुनी भिंतीला टेकून बसला होता. बायकोच्या चाळिसाव्याला बायकोचं नाव चुकलं, ते आपल्या हातच्या कामामुळे चुकलं, आणि पोरं हसली. आता आपल्याला काहीतरी वाटायला हवं, असं त्याला वाटलं. लाज, राग, निदान छातीत एक कळ तरी. त्यानं थोडा वेळ वाट पाहिली. काही आलं नाही. दुआ संपली तसे सगळ्यांनी दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले, त्यानंही फिरवले. चेहरा कोरडा ठक्क होता.

पाहुणे गेल्यावर गुरूंनी रुमाल त्याच्यापुढे उघडला.

"दात माझे मोडलेत, तोंड तुझं का पडलंय?" गुरू म्हणाले. मोडक्या उच्चारात ते वाक्य आणखीनच विनोदी वाटलं. "केळं जरा कडक असेल."

"पुन्हा करून देतो," अस्मुनी म्हणाला.

"कर. शंभरावा दिवस आहे ना अजून. त्या दिवशी मी तिचं नाव नीट घेणार. त्या पोरीला हे अक्षर शिकवायला मला दोन महिने लागले होते. मीच चुकवलं तर वर भेटल्यावर ती मला हसेल."

तुकडे पाहिल्यावर अस्मुनीला लगेच कळलं काय झालं ते. तुटलेल्या कडेवर गुलाबी रंगाच्या आत पांढुरका ढग होता, आणि ढगात केसासारख्या बारीक रेघा. ओल. साच्यात ओल राहिली होती.

बंजारमासिन शहराच्या नदीकाठी अस्मुनीचं दुकान सदतीस वर्षं होतं. दारावरच्या पाटीवर लाल ओठांची एक बाई बत्तीस दात दाखवून हसायची, आणि तिच्याखालून आत येणाऱ्याला बहुतेक एकही दात नसायचा. दात काढणं, भरणं, तारा बसवणं ही डॉक्टरांची कामं. अस्मुनीसारख्यांना परवानगी फक्त कवळ्या आणि पट्ट्या करायची, आणि तेवढं काम मात्र त्याच्यासारखं अख्ख्या काठावर कुणी करत नसे, निदान तो तरी तसं समजून होता.

काम म्हटलं तर सोपं आहे. तोंडाचा ठसा घ्यायचा, मेणात दात बसवायचे, ते सगळं पितळी डब्यात प्लास्टरमध्ये पुरायचं, डबा गरम करून उघडायचा आणि उकळत्या पाण्यानं मेण धुऊन काढायचं. मग जी पोकळी राहते तिच्यात रेझिन भरायचं. पावडर आणि वासाचं औषध कालवलं की ते कणकेसारखं मळून येतं, ते दाबून भरायचं, डबा प्रेसमध्ये आवळायचा आणि पातेल्यात शिजवायचा.

सगळी मेख पाण्यात आहे. मेण धुवायला साचा भिजवावाच लागतो आणि रेझिन भरताना तोच साचा कोरडा लागतो. जरा ओल राहिली की ती शिजताना रेझिनमध्ये शिरते आणि पांढरी भेग होऊन बसते. फार वाळवला तर प्लास्टर भुसभुशीत होतं आणि प्रेसखाली फुटतं. बरं, एकदा शिजलं की सगळं उलटं. मग त्याला पाण्यातच ठेवायचं. सुकलं की वाकडं होतं. तोंडात गेल्यावर पहिला महिनाभर ते पाणी पीत राहतं, किंचित फुगतं, किंचित नरमही पडतं. नीट जमलेलं असेल तर एवढं ते सोसतं आणि मग वर्षानुवर्षं काम देतं. आतच ओल धरलेली असेल तर महिनाभर गप्प राहून एके दिवशी केळ्यावरसुद्धा मोडतं.

हे अस्मुनीला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. मग गेल्या चाळीस दिवसांत चार पट्ट्या का मोडल्या, हे मात्र त्याला कळत नव्हतं.

आधी त्यानं पावडरला दोष दिला आणि नवा डबा फोडला. मग औषधाला दिला. मग हवेला, कारण भरतीचं पाणी घराच्या फळ्यांखाली खेळत असतं आणि काठावरच्या घरात मीठसुद्धा कधी कोरडं राहत नाही. पण भरती काय या वर्षी नव्यानं येत होती?

मासे विकणारी मासनिया आपली मोडकी पट्टी घेऊन आली तेव्हा तिनं दुकानाच्या पायरीवरूनच, काठावरच्या रीतीनं त्याला मुलीचा बाप म्हणून हाक मारत, सुरुवात केली.

"रौदाचे अबाह, ही काय कवळी केलीत की पापड? मी गिऱ्हाइकावर ओरडले आणि हिचे दोन तुकडे!"

"तू ओरडलीस तर पूलसुद्धा पडेल."

"बघा, जीभ अजून चालतेय. मला वाटलं तीही गेली." ती आत येऊन बसली आणि तिचा आवाज उतरला. "खरं सांगू? रडून घ्या हो एकदा. बायका बोलतात. म्हणतात, माणूस आहे की घराखालचा खांब? हाफिझासारखी बायको गेली आणि डोळ्यांत टिपूस नाही."

"येत नाही तर काय करू? कांदा आणू?"

मासनिया उठली. मग पट्टी टेबलावर ठेवून निघून गेली.

तो खोटं बोलत नव्हता. हाफिझा गेली ती सकाळी, चुलीपुढे, डोक्यातली शीर तुटून, तांदळाचं भांडं हातातच. त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरच्या, अस्रच्या नमाजाआधी तिला पुरलं. तिला नेताना, खाली उतरवताना, माती लोटताना अस्मुनी सगळं बघत होता, आणि सगळं जाड काचेपलीकडे चालल्यासारखं होतं. तो जेवायचा. झोपायचा. गिऱ्हाइकाच्या तोंडात डोकावायचा. कुणी विचारलं तर बरा आहे म्हणायचा आणि ते एका अर्थानं खरंच होतं, कारण दुखत काहीच नव्हतं.

बोटांचंही तसंच झालं होतं, पण ते बारा वर्षांपूर्वी. ते वासाचं औषध हातमोजे जुमानत नाही, आणि अस्मुनीनं तर हातमोजे कधी घातलेच नव्हते. पहिल्यांदा बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या. मग मुंग्याही गेल्या. एकदा पातेल्याला हात लागला तेव्हा त्याला चटका नाही कळला, वास कळला. त्यानं कुणाला सांगितलं नाही. दातांचं काम करणाऱ्याच्या बोटांना काही कळत नाही ही गोष्ट काठावर पसरली असती तर त्या पाटीवरच्या बाईला ओठ मिटून बसावं लागलं असतं. हाफिझानं पोळलेली बोटं पाहिली, मध लावला आणि एक शब्द विचारला नाही.

तेव्हापासून धुतलेले साचे मागे स्वयंपाकघरात न्यायचं काम तिनं स्वतःकडे घेतलं. "इथं तुमच्या टेबलावर पसारा होतो," म्हणायची. चुलीच्या उबेला ते ठेवायची आणि थोड्या वेळानं घेऊन यायची. दारातूनच म्हणायची, "कोरडा आहे. भरा आता." की अस्मुनी भरायचा. बारा वर्षांत त्याला कधी प्रश्न पडला नाही की हिला कसं कळतं. ती साचे नेते आणि आणते, एवढंच त्याच्या लेखी तिचं काम होतं. त्याला साधं वाटायचं की चुलीजवळ ठेवलं की वाळतं, त्यात काय एवढं.

गुरूंची दुसरी पट्टी त्यानं जीव ओतून केली. साचा चुलीजवळ ठेवला, नेहमीपेक्षा जास्त वेळ. उजेडात धरून पाहिला, पांढराशुभ्र दिसत होता. बोटं फिरवली, बोटांनी काहीच सांगितलं नाही, नेहमीसारखंच. पट्टी पातेल्यातून निघाली तेव्हा गुलाबी, स्वच्छ. गुरूंनी ती चोवीस दिवस घातली. पंचविसाव्या दिवशी ते ती पुन्हा रुमालात घेऊन आले.

"या वेळी केळं नव्हतं," गुरू म्हणाले. "नुसता भात होता. आणि तोही मऊ."

अस्मुनीनं तुकडा खिडकीशी धरला. ढग होताच. अगदी आत, दातांच्या मुळाशी, जिथं वरून दिसत नाही तिथं. पाणी पिऊन पिऊन तो तिथंच कच्चा पडला होता.

"गुरू, तुम्ही शहरातल्या डॉक्टरकडून करून घ्या. मी सांगतो एकाचं नाव."

"आणि तुझ्या बायकोचं नाव घ्यायला दुसऱ्याचे दात लावू?" गुरू खुर्चीत मागे टेकले आणि तोंड उघडलं. "घे ठसा. आणि लवकर कर, तुझा तो गुलाबी चिखल मला ओकारी आणतो."

तिसरी पट्टी पातेल्यातूनच पांढरी निघाली. चौथ्या वेळी त्यानं चिडून साचा सकाळपासून दुपारपर्यंत चुलीवर वाळवला, आणि प्रेस आवळताच आतलं प्लास्टर दुभंगलं. आता शंभराव्याला पाच दिवस उरले होते. शिजायला एक दिवस, मग औषधाचा वास जायला दोन दिवस पाण्यात. म्हणजे एकदाच जमणार होतं, फार तर फार.

त्याच दिवशी रौदा आली. ही त्याची एकुलती मुलगी, जवळच्या बंजारबारू गावी बालवाडीत शिकवायची. तशी ती दर शुक्रवारी यायची, भात आणि मासे करून ठेवायची आणि बापाशी दोन शब्द बोलायचा प्रयत्न करायची. या खेपेला ती सुट्टी काढून आली होती. आईचे कपडे शंभराव्याआधी वाटून टाकायचे होते.

ती आतल्या खोलीत सारोंग घड्या करून गठ्ठे बांधत होती. अस्मुनी दारात उभा होता. त्याच्या हातात नवा साचा होता, नुकताच उकळत्या पाण्यानं धुतलेला, अजून वाफाळणारा.

"ही निळी मासनिया आचिलला देते," रौदा म्हणाली; मासनियाला ती मावशी या अर्थानं आचिल म्हणायची. "ती किती दिवस डोळा ठेवून होती."

"दे."

"आणि ही कुणाला?"

"कुणालाही दे. आणि तिचा तो पुपुरचा डबाही देऊन टाक कुणाला तरी. नाहीतर किडे पडतील."

रौदानं मागे वळून पाहिलं. "कुठला पुपुर?"

"तो तांदळाचा लेप गं. गालाला लावायची तो."

"आई? आई कुठं पुपुर लावायची?"

"रोज लावायची. मी काय आंधळा आहे? दिवसातून दोनदा पांढरा गाल घेऊन फिरायची. मी तिला चिडवायचो, दुसऱ्या गालाचं पीठ संपलं काय म्हणून."

काठावरच्या सगळ्या बायका दुपारी चेहऱ्याला तांदळाचा थंड लेप फासून बसतात, तेव्हा गालावर पांढरं दिसलं की दुसरं काही कुणाच्या मनातही येत नाही. अस्मुनीच्याही आलं नव्हतं. हाफिझा हसायची आणि म्हणायची, "एकाच गालाला लावून बघतेय. चांगलं दिसलं तर उद्या दुसऱ्याला." तो उद्या कधी आला नाही, आणि बायकांच्या खोड्या म्हणून त्यानंही विषय तिथंच सोडला.

"अबाह," रौदा हळूच म्हणाली, "आईला पुपुर चालायचा नाही. अंगावर पित्त उठायचं. माझ्या लग्नातसुद्धा तिनं लावला नव्हता. सगळ्या बायका मागे लागल्या होत्या, आठवत नाही?"

"मग गालावर काय असायचं?"

रौदानं हातातली घडी खाली ठेवली. ती त्याच्या हातातल्या साच्याकडे बघत होती. हात लावला तर बोटांना पांढरं लागेल असं ते ओलं प्लास्टर होतं.

"ती साचा गालाला लावायची," ती म्हणाली. "चुलीपुढे बसून. मी विचारलं होतं एकदा, हे काय करतेस? तर म्हणाली, ओल आहे का बघते, गालाला लगेच कळतं. आणि म्हणाली, तुझ्या अबाहना सांगू नकोस, त्यांना वाटेल मी त्यांच्या कामात नाक खुपसते." रौदानं मान वर केली. "मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल एव्हाना. एवढी वर्षं."

अस्मुनीनं मान हलवली. ठाऊक आहे की नाही, कशासाठी हलवली ते त्यालाही कळलं नाही.

डावा गाल. प्रत्येक वेळी डावाच. बारा वर्षं, रोज दोन साचे धरले तरी किती होतात त्याचा हिशोब करायला तो लागला आणि त्यानं मधेच सोडून दिला. प्रत्येक पट्टीच्या आधी ती चुलीपुढे उकिडवी बसून ते गरम प्लास्टर गालाला लावत होती, आणि त्याच्या बोटांबद्दल अवाक्षर न काढता दारातून सांगत होती, भरा आता. आणि तो लोकांना सांगत फिरत होता की आपल्या हातची पट्टी मोडत नाही. आणि वरून तिला चिडवत होता.

तो स्वयंपाकघरात गेला.

चूल पेटलेली होती. रौदानं भात ठेवला होता. त्यानं साच्याचे दोन्ही भाग कडेला उबेला ठेवले आणि हाफिझा बसायची त्या पाटावर बसला. पाट बुटका होता, गुडघे दुखले. भाताचं पाणी आटेपर्यंत तो तसाच बसून राहिला. मग त्यानं एक भाग उचलला आणि डाव्या गालाला लावला.

गार. बाहेरून गरम आणि आतून गार, जणू प्लास्टरच्या पोटात भरतीचं पाणी होतं. त्याला इतकं लख्ख कळलं की तो दचकला. बारा वर्षांत काहीतरी इतकं स्पष्ट त्याला पहिल्यांदाच कळत होतं. बोटांनी त्याच साच्याला कोरडा म्हटलं असतं.

त्यानं साचा परत ठेवला. लाकूड पुढे सारलं. रौदा दारात येऊन उभी राहिली.

दुसऱ्यांदा लावला. गारवा कमी झाला होता, पण होता. कडेला, जिथं दातांच्या खाचा होत्या तिथं. इथंच ढग धरायचा. "इथं," तो स्वतःशीच म्हणाला. त्यानं साचा फिरवून खाचांची बाजू चुलीकडे केली.

तिनंही असंच फिरवलं असेल. हे त्याच्या मनात आलं आणि तो तसाच चुलीकडे बघत राहिला. जाळ खाली बसला होता. फळ्यांखाली पाणी चुळचुळत होतं. तो साचा वाळायची वाट बघत होता, दुसरं काही नाही.

तिसऱ्यांदा लावला. ओला.

"अजून आहे," तो म्हणाला आणि पुन्हा ठेवला.

थोड्या वेळानं पुन्हा लावला. आधीपेक्षा ओला. हे कसं शक्य आहे? वाळणारी वस्तू भिजते कशी?

"सालं हे प्लास्टरच खराब," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "रौदा, हे वाळतच नाहीये. जितकं वाळवावं तितकं पाणी सोडतंय."

रौदा खाली बसली. तिनं त्याच्या हातातून साचा घेतला, कोरडा कोपरा पाहिला आणि आपल्या गालाला लावला. थोडा वेळ तशीच धरून राहिली.

"अबाह, साचा कोरडा आहे."

"ओला आहे. मला कळतंय ना."

"साचा कोरडा आहे," ती पुन्हा म्हणाली. "तुमचा गाल ओला आहे."

त्यानं हात वर नेला. बोटांना काही कळलं नाही. त्यानं बोटं डोळ्यांपुढे धरली, तेव्हा ती चुलीच्या उजेडात चमकताना दिसली. हनुवटीपर्यंत ओघळ आले होते. कधीपासून, ते त्याला सांगता आलं नसतं. हाफिझा गेली त्याला पंच्याण्णव दिवस झाले होते.

रौदानं ओढणीच्या टोकानं त्याचा गाल पुसला, लहान पोराचा पुसावा तसा, जरा रगडूनच. ती स्वतःही रडत होती, पण तिनं साचा आपल्या चेहऱ्यापासून लांब धरला होता. कारागिराचीच पोर ती.

"कोरडा आहे," ती म्हणाली. "भरा आता."

तो उठला. पावडर घेतली, औषध घेतलं, मळलं, भरलं. मग प्रेस आवळून डबा पातेल्यात ठेवला.

शंभराव्याला माणसं चाळिसाव्यापेक्षा जास्त आली. रौदानं भज्यांऐवजी मुद्दाम शेंगदाण्याचे कडक लाडू ठेवले होते, आणि मासनियानं सगळ्यांदेखत गुरूंना एक घ्यायला लावला. "हे मोडलं नाही तर बाकीचं मोडत नाही," ती म्हणाली. गुरूंनी लाडू पुढच्या दातांत धरला. अख्खी बैठक श्वास रोखून बघत होती. लाडूच फुटला. गुरूंनी सावकाश चावून खाल्ला आणि रिकामी बशी मासनियापुढे सरकवली. ते म्हणाले, "आता ओरडून दाखव."

सगळे हसले. अस्मुनीही हसला, म्हणजे हसल्यासारखं त्याचं तोंड झालं.

मग पठण झालं. शेवटी दुआ आली, आणि गेलेल्यांची नावं. गुरूंनी डोळे मिटले, जीभ दातांच्या कडेला टेकवली आणि घाई न करता ते अक्षर पुरं काढलं.

"हाफिझा बिंती मुईन."

आत बायकांमधून रौदाचा हुंदका ऐकू आला. पोरांपैकी कुणी हसलं नाही. त्यांना हसण्यासारखं काही मिळालंच नव्हतं.

सगळ्यांनी आमीन म्हटलं आणि दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले. अस्मुनीनंही फिरवले. हात ओले झाले की नाही हे बोटांना कळलं नाही. मग त्यानं डावा तळवा डाव्या गालावर तसाच दाबून धरला, आणि बाकीचे उठून गेले तरी तो तसाच बसून राहिला.